हिरवा चुडा आणि हिरवा पडदा
(सांगलीतील एका व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मित्रहो, सांगलीत उभं राहून सिनेमातल्या करामतींवर बोलायचं, तर सुरुवात सिनेमापासून करताच येत नाही. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी याच गावात ‘सीतास्वयंवर’ केलं. त्या धर्तीच्या नाटकांत राक्षस यायचा तो ‘अलल्डुर्र’ अशी आरोळी ठोकत, राळेच्या भडक्यात. राळ उडवणारा माणूस पुढच्या रांगेला चक्क दिसायचा. तरी राक्षस तो राक्षसच! तो राळवाला आता कुठं आहे, एवढाच माझा आजचा विषय.

दादासाहेब फाळके ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी, १९१३ च्याही आधी, एक वाटाणा घेऊन बसले होते. त्याला कोंब कसा फुटतो ते त्यांनी एकेक फ्रेम घेत टिपलं आणि ती फिल्म दाखवून सावकाराकडून भांडवल मिळवलं. आज तुमच्या मोबाईलमध्ये हे बटण दाबलं की होतं. तेव्हाचा कॅमेरा हातानं फिरवायचा. हँडलच्या एका फेऱ्यात आठ फ्रेम, सेकंदाला दोन फेरे. एकाच नटाला पडद्यावर दोनदा दाखवायचं असेल तर भिंगाचा अर्धा भाग झाकायचा, वीस फेरे मोजायचे, फिल्म तेवढीच उलटी न्यायची आणि उरलेल्या अर्ध्या भागात पुन्हा वीस फेरे. मोजताना कुणी मध्येच ‘चहा आणू का?’ विचारलं की संपलं. आणि चूक झाली हे कळणार फिल्म धुतल्यावर.

शेजारी कोल्हापुरात बाबूराव पेंटर. नावातच पेंटर, कारण मूळचा धंदा नाटक कंपन्यांचे पडदे रंगवण्याचा. त्यांच्या १९२० च्या ‘सैरंध्री’तला कीचकवध इतका खरा वाटला म्हणतात, की तो कापावा लागला. रंगवलेल्या पडद्यापुढं नट उभा करायचा, ही युक्ती मुळात रंगभूमीची. आजचा क्रोमा म्हणजे तोच पडदा, फक्त रंगवतात नंतर.

क्रोमाचा पडदा हिरवा का? माणसाच्या कातडीत तो रंग जवळजवळ नसतो, आणि डिजिटल कॅमेऱ्याच्या सेन्सरवर हिरवा टिपणारे बिंदू लाल किंवा निळ्याच्या दुप्पट असतात. कॉम्प्युटर हिरवं तेवढं पुसतो आणि तिथं किल्ला ठेवतो, समुद्र ठेवतो. आता आपल्याकडची नवरी उभी करा त्याच्यापुढं. हातभर हिरवा चुडा! बांगड्या पुसल्या जातात आणि मनगट हवेत तरंगतं. बरं, पडदा निळा लावावा, तर करवलीची पैठणी निळी. हॉलिवूडला ही अडचण कशाला येतेय!

माझा एक जुना विद्यार्थी मिरजेचा. मुंबईत रोटो करतो. रोटो म्हणजे फ्रेममधल्या माणसाची कड हातानं आखून त्याला वेगळा काढणं. सेकंदाला चोवीस फ्रेम, म्हणजे पाच सेकंदांच्या शॉटला एकशेवीस. मला वाटायचं, हे सगळं मशीनच करतं. बरंचसं करतंही. पण त्याच्याकडं एकदा भंडारा उधळण्याचा शॉट आला. हळद! आपल्या मार्केट यार्डात पोतीच्या पोती रचलेली असते, पण हवेत उडाली की ती अर्धी आरपार दिसते. मागचा हिरवा पडदा तिच्यातून डोकावतो. शिवाय कॅमेऱ्याच्या हिशेबी पिवळा म्हणजे लाल अधिक हिरवा. त्यामुळं पडदा पुसायला गेलं की हळदही पुसली जाते. दिग्दर्शकानं सेटवर सांगितलं होतं, ‘नंतर बघू.’ फाळक्यांना ‘नंतर’ नव्हतंच. इथं होतं, आणि ते याच्या टेबलावर येऊन पडलं. एका शॉटसाठी तो अकरा दिवस बसला होता.

सिनेमा लागला तेव्हा आईला घेऊन गेला. भंडाऱ्याच्या वेळी माउलीनं तिथंच हात जोडले. बाहेर आल्यावर म्हणाली, “छान होता रे. पण तू यात केलंस काय?”

“ती हळद,” तो म्हणाला.

“हळद तर खरीच होती की.”

हे मला फोनवर सांगताना पोरगं इतकं हसत होतं, की पुढचं काही ऐकूच आलं नाही.