बिनतारी लहरी आणि परवान्याची खिडकी

श्रोतेहो, नमस्कार.

आपण हे भाषण ज्या रेडिओवर ऐकत आहात, तसा संच घरात ठेवण्यासाठी एकेकाळी टपाल कार्यालयात दरवर्षी पैसे भरून परवाना घ्यावा लागत असे. साठी ओलांडलेल्या श्रोत्यांना ते परवान्याचे पुस्तक आठवत असेल. ऐंशीच्या दशकात ही पद्धत बंद झाली. मात्र परवान्याशिवाय बिनतारी यंत्र जवळ बाळगणे हाच गुन्हा मानणारा १९३३ चा कायदा त्यानंतरही अनेक दशके आपल्यावर राज्य करीत राहिला. त्याच्याही आधीचा, १८८५ चा तार कायदा हा त्याचा थोरला भाऊ. संदेशवहनाचा अनन्य अधिकार सरकारचा आणि इतरांना तो मिळेल तो सरकारच्या परवान्याने, असे त्याचे सूत्र होते. परक्या राज्यकर्त्यांना असे सूत्र सोयीचे वाटावे यात नवल नाही. आपण ते स्वातंत्र्यानंतरही जपून ठेवले, हे मात्र नवलाचे आहे. देशातील तार सेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली, तरी तार कायदा चालूच राहिला. या दोन्ही कायद्यांची जागा घेणारा दूरसंचार अधिनियम डिसेंबर २०२३ मध्ये संमत झाला आणि त्याची कलमे जून २०२४ पासून टप्प्याटप्प्याने लागू होऊ लागली.

जुन्या कायद्याचा तोटा केवळ त्याच्या वयाचा नसतो. तंत्रज्ञान पुढे जाते, कायद्यातील शब्द मागे राहतात, आणि मधल्या रिकाम्या जागेत काय चालेल व काय चालणार नाही हे खुर्चीवर बसलेला माणूस ठरवू लागतो. भ्रष्टाचाराला लागते ती हीच जागा. आपल्याकडे बहुतेक वेळा लाच नियम मोडण्यासाठी दिली जात नाही. नियमाने जे आपले आहे, तेच वेळेवर मिळावे म्हणून दिली जाते.

याचे उलट उदाहरण आपल्या घरातच आहे. वाय-फाय बिनतारी लहरींच्या ज्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात, म्हणजे ठरावीक कंपनसंख्यांच्या समूहात, चालते, तो पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी भारताने २००५ मध्ये परवानामुक्त केला. अमेरिकेने अशा पट्ट्यांचा मार्ग १९८५ मध्येच मोकळा केला होता. त्या एका अधिसूचनेनंतर कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीतील दुकानदाराला, वसतिगृहातील विद्यार्थ्याला किंवा गोकुळ शिरगावच्या कारखानदाराला राउटर लावण्यासाठी कोणाच्या टेबलासमोर उभे राहावे लागले नाही. परवानाच नसल्यामुळे त्या परवान्यासाठी लाच मागण्याचीही सोय उरली नाही.

५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्याची कथा वेगळी झाली. त्याचा मोठा भाग बरीच वर्षे केवळ इमारतीच्या आत वापरण्यास मोकळा होता. उघड्यावरच्या वापरासाठी एक अरुंद तुकडा तेवढा होता. आपल्या जिल्ह्यातील शाहूवाडी, गगनबावडा, चंदगड यांसारख्या डोंगराळ तालुक्यांत ही अट किती जाचक ठरते, हे तेथील भूगोलच सांगतो. दरीपलीकडच्या वाडीपर्यंत केबल नेण्याचा खर्च लहान व्यावसायिकाला पेलत नाही. दोन टेकड्यांवर समोरासमोर अँटेना लावल्या की काम भागते. पण कायदा म्हणत होता की घरात वापरा, आणि घरात तर दरी नसते. अशा वेळी व्यावसायिक एक तर धंदा सोडतो, किंवा काम नियमाबाहेर करून तपासणीला येणाऱ्या माणसाच्या मर्जीवर जगतो. ऑक्टोबर २०१८ मध्ये सरकारने या पट्ट्यातील ६०५ मेगाहर्ट्झ घराबाहेरील वापरासाठीही मोकळे केले. ६ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातही तोच संथपणा दिसला. अमेरिकेने तो २०२० मध्ये खुला केला, आपल्याकडे त्याच्या खालच्या भागासाठी नियमांचा मसुदा निघायला मे २०२५ उजाडला.

आता वरच्या पातळीवर येऊ. दूरसंचार खात्याला भ्रष्टाचाराचा डाग नवा नाही. १९९६ मध्ये माजी दूरसंचार मंत्री सुखराम यांच्या घरांवरील छाप्यांत साडेतीन कोटी रुपयांहून अधिक रोकड सापडली आणि पुढे न्यायालयांनी त्यांना दोषीही ठरवले. तथापि टू-जी, म्हणजे दुसऱ्या पिढीच्या मोबाइल सेवेच्या परवान्यांच्या प्रकरणातून शिकण्यासारखे अधिक आहे, कारण तेथे पैशाइतकीच पद्धतही बोलकी होती. १० जानेवारी २००८ रोजी 'प्रथम येईल त्यास प्राधान्य' या तत्त्वावर परवाने वाटले गेले. दर २००१ चेच ठेवले. अर्जांसाठीची अंतिम तारीख जाहीर केल्यापेक्षा आधीची ठरवली गेली. आणि त्या दिवशी दुपारी अल्प अवधीत कोट्यवधींचे धनाकर्ष (बँकेचे डिमांड ड्राफ्ट) घेऊन हजर राहण्याचे फर्मान निघाले. ज्याला आधीच कुणकुण लागली होती, त्याच्या हाती धनाकर्ष तयार होता. नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०१० मध्ये संभाव्य तोट्याचा सर्वांत मोठा अंदाज १ लाख ७६ हजार कोटी रुपयांचा दिला. त्या आकड्यावर पुष्कळ वाद झाला आणि तो योग्यच होता, कारण तो अंदाज होता, मोजलेली रक्कम नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने २ फेब्रुवारी २०१२ रोजी १२२ परवाने रद्द केले. डिसेंबर २०१७ मध्ये मात्र विशेष न्यायालयाने तत्कालीन मंत्री ए. राजा यांच्यासह सर्व आरोपींना निर्दोष सोडले, आणि त्यावरील अपील २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने दाखल करून घेतले. म्हणजे पद्धत बेकायदा ठरली, परंतु गुन्हा सिद्ध झाला नाही. पद्धतच धूसर असली की गुन्हा सिद्ध करणे किती अवघड होते, हे यातून दिसते.

हवेतील लहरी ही सार्वजनिक संपत्ती आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच सांगून ठेवले होते. या कसोटीवर नवा कायदाही तपासायला हवा. २०२३ च्या अधिनियमाने लहरींच्या वाटपासाठी लिलाव हा नियम ठेवला, पण पहिल्या अनुसूचीत दिलेल्या कामांसाठी प्रशासकीय वाटपाची मुभा दिली. संरक्षण, हवामान, आपत्ती व्यवस्थापन यांना ती हवीच. उपग्रहाद्वारे मिळणाऱ्या काही सेवाही त्या यादीत आहेत. एकच पट्टा अनेक उपग्रह कंपन्या वाटून वापरू शकतात, म्हणून तेथे लिलाव गैरलागू आहे, हा युक्तिवाद मला पटतो. परंतु कोणाला किती लहरी, कोणत्या दराने आणि कोणत्या अटींवर दिल्या, हे सरकारने आपण होऊन जाहीर केले नाही, तर लिलाव टाळण्याचे तांत्रिक कारण बरोबर असूनही वाटप संशयास्पद ठरेल.

जुन्या कायद्याचा वापर कोल्हापूरकरांनी स्वतः अनुभवला आहे. जून २०२३ मध्ये समाजमाध्यमांवरील मजकुरावरून शहरात तणाव झाला, तेव्हा इंटरनेट सेवा बंद करण्यात आली. असे आदेश त्या काळी २०१७ च्या नियमांखाली निघत, आणि ते नियम १८८५ च्या तार कायद्याच्या आधाराने केलेले होते. शांतता राखण्याची गरज मी नाकारत नाही. पण त्यामुळे दंगा करणाऱ्याबरोबरच रिक्षाचे भाडे मोबाइलवर घेणारा आणि परीक्षेचा अर्ज भरणारी मुलगीही अडकते. म्हणूनच असे आदेश कारणांसह प्रसिद्ध केले पाहिजेत, म्हणजे त्यांना आव्हान देता येईल, असे सर्वोच्च न्यायालयाने काश्मीरमधील इंटरनेटबंदीविरुद्धच्या अनुराधा भसीन खटल्यात जानेवारी २०२० मध्ये बजावले होते.

आदेश किंवा परवानगीची कागदपत्रे आपण होऊन प्रसिद्ध झाली नाहीत, तर माहिती अधिकाराचा २००५ चा कायदा हाताशी आहे. गावात टॉवरला किंवा केबलला परवानगी का अडली, अर्ज कोणत्या तारखेला आला, कोणत्या टेबलावर किती दिवस राहिला आणि नाकारला असल्यास कोणत्या नियमाखाली, हे त्याखाली विचारता येते. शुल्क दहा रुपये आहे आणि उत्तरासाठी साधारण तीस दिवसांची मुदत आहे. अर्ज मराठीत करता येतो. प्रश्न नेमका ठेवावा, तारखा व फाइलवरील शेरे यांच्या प्रती मागाव्यात. 'भ्रष्टाचार झाला का' असे विचारल्यास उत्तर मिळणार नाही.