नोझल नंबर 104

[दृश्य: पुणे, बोहरी आळी. काचेच्या कपाटात नोझलांचे ढीग. एक हात त्यातलं एक उचलून उजेडात धरतो.]

एकशे चार. रविवार पेठेतल्या बोहरी आळीत केकच्या सामानाच्या दुकानात जाऊन एवढंच म्हटलं तरी पुरतं. गल्ल्यावरचा मुलगा मान वर न करता नोझल, म्हणजे केकवर नक्षी काढायच्या क्रीमच्या पिशवीचं टोक, काढून समोर ठेवतो. त्याच्या तोंडाशी एक फट आहे, ती जरा जवळून बघा. एका टोकाला रुंद, दुसऱ्या टोकाला निमुळती. क्रीमची पाकळी बुडाशी जाड आणि कडेला पातळ येते, ती या फटीमुळे.

गुलाबाला 104, मोठ्या भोवऱ्यासारख्या रोझेटला 1एम, टोपलीच्या विणीला 47. शिकागोमध्ये ड्यूई मॅकिन्ली विल्टन यांनी 1929 साली केक सजवायला शिकवणं सुरू केलं. आज त्यांच्या नावाच्या नोझलांचे नंबर या गल्लीतल्या पोरांना पाठ आहेत.

[दृश्य: सिंहगड रस्ता. सोसायटीतला फ्लॅट. डायनिंग टेबलावर मेणकापड, त्यावर सहा टर्नटेबलं, म्हणजे केक ठेवायचे फिरते पाट.]

मे महिन्यातला रविवार. टेबलाच्या टोकाशी उभ्या आहेत त्यांना अख्खी सोसायटी केकवाल्या ताई म्हणते. शिकायला बसलेत एक शाळेतल्या बाई, दोन सख्ख्या जावा, नुकतीच बारावी दिलेली मुलगी, तिची आई, आणि एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले एक काका.

आम्ही पोचलो तेव्हा स्पंज भाजून जाळीवर निवत होते, त्यामुळे भाजण्याचं काही या फिल्ममध्ये नाही. सगळे बिनअंड्याचे, कन्डेन्स्ड मिल्कचे. हा उजवीकडचा कुकरमध्ये झालाय. तळाला मीठ, झाकणाची शिट्टी आणि रबर काढून ठेवलेलं. ओव्हनवाल्यांपेक्षा हाच जास्त सपाट फुललाय, आणि थोरल्या जाऊबाई ते प्रत्येकाला दाखवून आल्यात.

[दृश्य: बीटर, भांडं, क्रीम. अगदी जवळून.]

क्रीम. नवशिक्यांची पहिली फजिती इथे होते. दुकानातून साधं फ्रेश क्रीमचं पाकीट आणतात आणि अर्धा तास फेटत बसतात. त्यात स्निग्धांश असतो 25 टक्क्यांच्या आसपास. फेटताना गेलेली हवा धरून ठेवायला निदान 30 टक्के तरी लागतो. मग ते फेटून फेटून पातळच राहतं आणि दोष बीटरला जातो.

इथे वापरलंय ते वनस्पती तेलाचं व्हिपिंग क्रीम. गोठलेलं मिळतं, रात्रभर फ्रिजमध्ये ठेवून सुटं करायचं. भांडंही गार, बीटरची पातीही गार. आता भांड्यात बघा. आधी बुडबुडे, मग दाट साय, मग पात्यांच्या रेघा उमटतात आणि पुसल्या जात नाहीत. पातं उचललं की टोक ताठ उभं राहतं. इथे थांबायचं. अजून थोडं फिरवलं की क्रीम रवाळ होतं, आणि केकच्या कडेवर तो रवा लगेच दिसतो. बारावीच्या मुलीचं तसं झालं. ताईंनी दोन चमचे न फेटलेलं क्रीम घालून हलक्या हाताने सारखं केलं.

[दृश्य: टर्नटेबल फिरतंय. स्क्रेपर, म्हणजे क्रीम सपाट करायची पट्टी, स्थिर.]

केकवर क्रीमचा पहिला थर पातळ आणि ओबडधोबड. चुरा त्यात अडकून बसावा, एवढंच त्याचं काम. केक फ्रिजमध्ये जाऊन येतो, मग दुसरा थर. आता शाळेतल्या बाईंचे हात पाहा. उजव्या हातातला स्क्रेपर हलत नाही, फिरतंय ते टेबल. शिकणारा नेमकं उलटं करतो, स्क्रेपर घेऊन केकभोवती धावतो. "बाई, तुम्ही उभ्या राहा, त्याला फिरू दे," असं ताई तीनदा म्हणाल्या, तेव्हा कुठे ही कड अशी आली.

[दृश्य: काकांचे हात. फ्लॉवर नेल.]

गुलाब मात्र क्रीमवर शिकवत नाहीत. डालडा आणि आयसिंग शुगर फेटून सरावाचा गोळा करतात. लोणी 32 ते 35 अंशांना पार वितळतं, पुण्याच्या मे महिन्यात ते तळहाताच्या उबेलाच सैल पडतं. डालडा तग धरतो. फुलं जमली नाहीत की खरवडून परत पिशवीत. स्टीलच्या ताटाची पाठ हा सरावाचा फळा.

काकांच्या डाव्या हातात फ्लॉवर नेल आहे, म्हणजे चपट्या डोक्याचा मोठा खिळा. डोक्यावर बटर पेपरचा तुकडा. आधी मध्ये एक शंकू. मग 104ची रुंद बाजू खाली, निमुळती वर, आणि खिळा बोटांत फिरवत शंकूभोवती एक पट्टी गुंडाळायची. ही कळी. तिच्याभोवती तीन पाकळ्या, प्रत्येक पाकळी आधीच्या पाकळीच्या पोटातून निघालेली. मग नोझल जरा बाहेर झुकवून पाच. मग आणखी झुकवून सात.

काकांची तिसरी पाकळी फाटली. "काका, तुम्ही पाना आवळताय," ताई म्हणाल्या. पिशवी वरून पिळायची असते, खालच्या हाताने नुसती दिशा द्यायची. शेजारच्या धाकट्या जाऊबाईंना हे सांगावं लागलं नाही. लग्नसराईत मेंदी काढून त्यांचा हात कोनाला सरावलाय. कुठे दाबायचं आणि रेघ तुटण्याआधी कुठे सोडायचं, ते त्यांच्या बोटांनाच कळतं.

काकांनी खरवडलं आणि पुन्हा शंकू केला. आम्ही कॅमेरा बंद केला नाही.

[दृश्य: हृदयाच्या आकाराचा केक, कडेने झालरीवर झालर.]

बारावीच्या मुलीच्या आईने इकडे हा केक केलाय. इन्स्टाग्रामवर याला व्हिंटेज केक म्हणतात. मात्र या झालरीचं घराणं फार जुनं. राणी व्हिक्टोरियाचं लग्न 1840 साली झालं, तिचा केक सुमारे 136 किलोचा होता. त्यावरचं आयसिंग अंड्याचा पांढरा बलक आणि पिठीसाखर फेटून केलेलं, वाळून दगडासारखं होणारं, ते रॉयल आयसिंग. त्याच आयसिंगच्या रेघेवर रेघ, त्यावर पुन्हा रेघ असं रचत जाण्याची पद्धत जोसेफ लॅम्बेथ यांच्या नावाने ओळखली जाते. त्यांचं पुस्तक 1934 साली आलं. आज पोरी फोनवर बघून करतात ती हीच, फक्त मऊ क्रीममध्ये.

अंडं न चालणाऱ्या घरांच्या अडचणीवर पुण्यातूनही वाट निघाली. इथल्या केक-कलाकार प्राची धबल देब इंग्लंडला जाऊन तिथले नावाजलेले आयसिंग-कारागीर एडी स्पेन्स यांच्याकडे रॉयल आयसिंग शिकल्या, आणि इथे त्यांनी बिनअंड्याचं आयसिंग वापरून इमारती उभ्या केल्या. त्यांनी केलेली एक रचना 100 किलोची होती. या टेबलावर त्यांचं नाव शाळेत सचिनचं घ्यायचे तसं घेतात.

[दृश्य: चहा. मागे बोलण्याचे आवाज. थोरल्या जाऊबाई हसतात.]

चहाच्या वेळी शेजारच्या काकू डोकावल्या. केक पाहिले आणि पहिलंच वाक्य, "अगंबाई, ऑर्डर घ्यायला लाग की!"

आपल्याकडे बाईच्या हातून काही देखणं झालं की लोक आधी भाव विचारतात. कुणी पेटी शिकली तर तिला लगेच मैफली कर म्हणत नाहीत. काकांनाही अजून कुणी ऑर्डरचं विचारलेलं नाही.

धाकट्या जाऊबाईंनी काही महिने ऑर्डरी घेऊन पाहिल्या. डोहाळजेवणाचा, बारशाचा पाळणेवाला, पैठणीच्या काठाचा. रात्री अकराला फोटो यायचा, हुबेहूब असाच हवा, आणि भाव मात्र कोपऱ्यावरच्या बेकरीचा. "केक करायचे ना, पण नोझल हातात घ्यायला नको वाटायला लागलं हो," त्या म्हणतात. आता फक्त घरच्यांचे वाढदिवस. गेल्या महिन्यात सासऱ्यांच्या पंचाहत्तरीला त्यांनी केकभर झेंडूची फुलं काढली, तो फोटो हा.

खर्च होतो, साखर पोटात जाते, या क्रीममधली वनस्पती चरबी काही औषध नव्हे, आणि घरचे केक खाऊन कंटाळतात, हेही आहेच.

[दृश्य: टेबलावर ओळीने गुलाब. काकांचा शेवटचा.]

हे ताटाच्या पाठीवरचे सगळे गुलाब. डावीकडून सुरुवात केली तर पहिले तीन कोबीचे गड्डे वाटतील. चौथ्याला पाकळ्या दिसतात. हा शेवटचा, कड जराशी फाटकी, पण मधली कळी घट्ट मिटलेली आहे. नात सात वर्षांची होतेय, तिच्या केकवर असे बारा हवेत. काकांनी हा सोडून बाकी सगळे खरवडले.

ताई पुढच्या रविवारचं सांगतायत. टोपलीची वीण. नोझल 47, सोबत साधं गोल 3 नंबर. डालडा प्रत्येकाने अर्धा किलो आणायचा. आणि पिशव्या धुऊन, उलट्या करून वाळवायच्या, मागच्या वेळी दोघांच्या पिशव्यांना वास येत होता.

"दोघं म्हणजे कोण?" काका विचारतात.

"तुम्ही आणि बाई."