साक्षीच्या कागदावर प्रश्न नसतो

(व्याख्यानमालेतल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महोदया, आयोजक आणि मित्रहो,

पत्रिकेवर विषय छापलाय, ‘बलात्काराच्या शिक्षेविरुद्धचं अपील : कायदा आणि वास्तव’. कायद्याकडे मी येणार आहे, पण शेवटी. आधी माझी एक जुनी तक्रार आहे, ती तुम्हाला ऐकून घ्यावी लागेल. सभागृहात निम्मे वकील दिसताहेत. त्यांच्या सोयीसाठी सांगते, मागचं दार उघडं आहे. (हशा)

तक्रार साक्षीच्या कागदाबद्दल आहे. सत्र न्यायालयात शिक्षा झाली, आरोपी अपिलात गेला, प्रकरण उच्च न्यायालयात सुनावणीला लागलं. तिथे असतं कोण? फिर्यादी मुलगी नसते. आरोपी बहुतेक वेळा तुरुंगात असतो. पंच, डॉक्टर, तपासी अंमलदार, कोणी कोणी नसतं. असतं ते पेपरबुक. दोषारोप, साक्षी, पंचनामे, वैद्यकीय अहवाल, रासायनिक विश्लेषणाचा अहवाल, आरोपीचा जबाब आणि निकालपत्र, सगळं एका दोऱ्यात बांधलेलं. न्यायमूर्ती ते वाचतात आणि मुलगी खरं बोलली की नाही ते ठरवतात. सामना न बघता धावफलकावरून पंचगिरी करावी तसं हे आहे. फलकावर ‘झेलबाद’ दिसतं. चेंडू आधी जमिनीला टेकला होता का, हे फलक सांगत नाही.

आता हा फलक लिहिला कसा जातो ते बघा. साक्षीदार पिंजऱ्यात उभा असतो. वकील प्रश्न विचारतो, साक्षीदार उत्तर देतो, आणि त्या दोन्हींचा अर्क काढून न्यायाधीश लघुलेखकाला मजकूर सांगतात. तो टंकित होतो. ही कुणाची लबाडी नाही, कायद्यानंच तसं म्हटलंय. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत, कलम 276 मध्ये, सत्र खटल्यातली साक्ष सामान्यतः निवेदनाच्या रूपात लिहावी असं होतं. नव्या संहितेतही तेच आहे, फक्त क्रमांक बदललाय. (1 जुलै 2024 पासून आमचे सगळे क्रमांक बदलले. बलात्काराच्या 376 चं 64 झालं, अपिलाच्या 374 चं 415 झालं. आयुष्यभर पाठ केलेले आकडे एका रात्रीत फुकट गेले. आता आमच्यात आणि प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांत फरक उरला तो केसांच्या रंगाचा. (हशा)) तर निवेदनाचं रूप म्हणजे काय, तर साक्ष एका परिच्छेदात, ‘मी’ म्हणून सलग लिहायची. प्रश्न गाळायचा.

उदाहरण देते. दोन-तीन प्रकरणांची मिसळ केली आहे, कुणाला ओळखता येणार नाही. वकील विचारतो, ‘तू ओरडलीस का?’ मुलगी म्हणते, ‘तोंड दाबलं होतं साहेब, कशी ओरडणार?’ वकील म्हणतो, ‘मी विचारलं तेवढंच सांग. ओरडलीस की नाही?’ ती म्हणते, ‘नाही.’ कागदावर काय येतं? ‘मी आरडाओरडा केला नाही.’ संपलं. तोंड दाबल्याचं वाक्य न्यायालयाच्या हवेत विरून गेलं. पुढे काही वर्षांनी अपिलात विद्वान वकील उभे राहतात, पानाचा क्रमांक सांगतात आणि म्हणतात, ‘माय लॉर्ड, तिनं स्वतःच कबूल केलंय की तिनं आरडाओरडा केला नाही.’ हे ‘स्वतःच’ ऐकलं की माझा रक्तदाब वाढतो.

जागरूक न्यायाधीश असतील तर पुढे दोन शब्द येतात, ‘स्वतःहून सांगते’. म्हणजे ‘मी आरडाओरडा केला नाही. साक्षीदार स्वतःहून सांगते की माझे तोंड दाबले होते.’ या दोन शब्दांवर शिक्षा टिकलेली मी पाहिलीय, आणि ते नसल्यानं शिक्षा गेलेलीही. हे दोन शब्द कुणी मागायचे? सरकारी वकिलांनी. पण सरकारी वकिलांपुढे त्या दिवशी आणखी किती फायली असतात ते तुम्हाला ठाऊक आहे, आणि नसेल तर जिल्हा न्यायालयात एक सोमवार काढून या.

दुसरं वाक्य. महाराष्ट्रातल्या कुठल्याही सत्र खटल्याची साक्ष उघडा, उलटतपासात हे वाक्य सापडणारच : ‘मी पोलिसांना जबाब देताना असे सांगितले होते. ते जबाबात का लिहिले नाही याचे कारण मी सांगू शकत नाही.’ अहो, ती कशी सांगणार? जबाब लिहिला फौजदारानं, रात्री उशिरा, त्याच्या भाषेत, त्याच्या घाईत. ‘त्यानंतर सदर इसमाने’ असली वाक्यं लिहून ठेवली. खेड्यातली सोळा वर्षांची मुलगी ‘सदर इसम’ म्हणत असेल का? आणि त्यानं काय गाळलं, का गाळलं याचं कारण विचारायचं तिला! फौजदाराला साक्षीच्या वेळी विचारलं तर तो म्हणतो, ‘तिने सांगितले तेवढे मी लिहिले.’ कागदावर दोन वाक्यं समोरासमोर उभी राहतात, आणि अपिलात या प्रकाराला भारदस्त नाव मिळतं, ‘लोप’. महत्त्वाचा लोप असेल तर तो विसंगतीच मानायचा, असं कायदा सांगतो. कुठला महत्त्वाचा, हे पुन्हा त्या कागदावरूनच ठरतं.

सर्वोच्च न्यायालयाला हे कळत नाही असं मी म्हणत नाही. 1983 मध्ये गुजरातच्या एका अपिलात (भरवाडा भोगीनभाई प्रकरण, वकील मंडळी माना डोलवताहेत) न्यायालयानं साक्षीदाराची स्मृती म्हणजे छायाचित्र नसतं, वेळेचा अंदाज माणसागणिक बदलतो, कोर्टाच्या वातावरणात माणूस गांगरतो, अशी एक यादीच दिली. किरकोळ विसंगतींना अवास्तव महत्त्व देऊ नका म्हणून सांगितलं. पीडितेच्या साक्षीला दुजोरा हवाच असा हट्ट धरणं म्हणजे जखमेवर मीठ चोळणं आहे, असंही बजावलं. त्याच निकालात आरोपीची शिक्षा मात्र कमी केली, पण ते वेगळं व्याख्यान आहे, त्याला वेगळं मानधन लागेल. (हशा) 1996 मध्ये गुरमीत सिंग प्रकरणात पंजाबच्या सत्र न्यायालयानं दिलेली निर्दोष सुटका उलटवताना न्यायालयानं तोच मुद्दा आणखी कडक शब्दांत मांडला. तत्त्व चोख आहे. पण तत्त्व लावायचं कशाला, तर कागदाला. आणि कागद लिहिणारा माणूस तत्त्व वाचून लिहायला बसलेला नसतो.

आता आपल्याच विदर्भातलं प्रकरण. वडसा, म्हणजे देसाईगंज. तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात, आज गडचिरोलीत. मार्च 1972. आदिवासी मजूर मुलगी, रात्री पोलीस ठाण्यात जबाबासाठी आणलेली, आणि ठाण्यातल्याच पोलिसांवर आरोप. तिचं नाव तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे, मी घेणार नाही. गंमत बघा, हिच्या खटल्यामुळे 1983 मध्ये कायदा बदलला, आणि त्याच दुरुस्तीत पीडितेची ओळख उघड करणं गुन्हा ठरलं. तोवर हिचं नाव देशभर झालं होतं. निकालपत्रिकेत प्रकरण नोंदलंय ते मात्र पोलिसाच्या नावानं, कारण अपील त्यानं केलं होतं.

1974 मध्ये सत्र न्यायालयानं आरोपींना सोडलं. तिला खोटारडी ठरवलं, शरीरसंबंधांची सवय असलेली म्हटलं. 1976 मध्ये नागपूर खंडपीठानं निकाल फिरवला. ठाण्यात, पोलिसांच्या ताब्यात, भीतीनं गप्प राहणं म्हणजे संमती नव्हे, असं म्हणून शिक्षा दिली. सप्टेंबर 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा सोडलं. अंगावर जखमा नाहीत, प्रतिकाराच्या खुणा नाहीत, म्हणजे सगळं शांततेत झालं असणार. तीन न्यायालयं, एकच कागद, तीन निकाल.

इथे मला कुणीतरी अडवायला हवं. बाई, तुम्ही म्हणता ज्यानं साक्षीदार पाहिला नाही त्याला कळत नाही. पण तिला प्रत्यक्ष पाहिलेला न्यायाधीशच तिला खोटारडी म्हणाला, आणि कधीही न पाहिलेल्या नागपूरच्या न्यायमूर्तींनी विश्वास ठेवला! अगदी बरोबर. हा माझ्या सिद्धांतातला खड्डा आहे आणि मी तो बुजवणार नाही. डोळ्यांनी पाहणं पुरेसं नसतं, पाहणाऱ्याच्या मनात आधी काय भरलंय हेही मोजावं लागतं. म्हणूनच पाहिलेलं लिहून ठेवायला हवं, म्हणजे वरच्याला तपासता येईल. जुन्या संहितेत कलम 280 होतं, साक्षीदाराच्या वर्तनाविषयी न्यायाधीशाला महत्त्वाचं वाटेल ते नोंदवावं. रडली, थांबली, वकिलाच्या आवाजानं दचकली, प्रश्न दोनदा विचारावा लागला. ही तरतूद नव्या कायद्यातही आहे. अशा नोंदी माझ्या वाचनात आलेल्या पेपरबुकांत इतक्या विरळ आहेत की एखादी दिसली तर मी पान दुमडून ठेवते. नोंद राहत नाही, निकालपत्रातलं विशेषण तेवढं राहतं.

सर्वोच्च न्यायालयाच्या त्या निकालावर उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चौघा कायद्याच्या अध्यापकांनी 1979 मध्ये सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. त्यांनी नवा पुरावा आणला नव्हता. तोच कागद पुन्हा वाचला आणि विचारलं, यातून संमती दिसली कुठे? मी विद्यार्थ्यांना सांगते, अपील कसं लिहावं हे शिकायचं असेल तर ते पत्र वाचा.

आता वकील मंडळींच्या चेहऱ्यावर दिसतंय, ‘बाई एकाच बाजूनं बोलताहेत.’ नाही. मी विधी सेवेतून तुरुंगातल्या कैद्यांची अपिलंही चालवते. तिथे कागद उलट्या दिशेनं मारतो. फाईल उघडावी तर महत्त्वाच्या साक्षीदाराखाली लिहिलेलं, ‘उलटतपास नाकारला.’ म्हणजे आरोपीच्या बाजूनं प्रश्नच विचारले नाहीत. का नाकारला? वकील आला नव्हता? सकाळी नेमला आणि दुपारी उभा केला? आरोपीला विचारलं तरी होतं का? कागद गप्प. अपिलात म्हणतात, साक्ष अबाधित राहिली. मध्य प्रदेशात खंडव्याला 2013 मध्ये एका मुलीवरच्या अत्याचार आणि खुनाच्या खटल्यात दोषारोप ठेवल्यापासून पंधरवड्याच्या आत फाशीची शिक्षा झाली. मोफत वकील नेमला त्याच दिवशी दोषारोप. डिसेंबर 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती शिक्षा रद्द करून खटला पुन्हा चालवायला लावला, आणि जन्मठेप किंवा फाशीची शक्यता असलेल्या खटल्यात नेमलेल्या वकिलाला तयारीला किमान सात दिवस द्यावेत असं घालून दिलं. म्हणजे माझी तक्रार मुलीच्या बाजूची नाही आणि आरोपीच्याही नाही. प्रश्न लिहिला जात नाही, त्याचा फटका दोघांना बसतो.

चिठ्ठी आली. ‘दहा मिनिटे’ लिहिलंय आणि खाली दोन रेघा मारल्यात. (हशा) बरं, जाहीर केलेला विषय.

शिक्षेविरुद्ध अपील हा आरोपीचा हक्क आहे, परवानगी लागत नाही. उच्च न्यायालय पुरावा नव्यानं तोलतं. नुसता कायद्याचा मुद्दा बघून थांबत नाही. अपील चालू असताना शिक्षेला स्थगिती मागता येते. पण गुन्ह्याला दहा वर्षं किंवा जास्त शिक्षा असेल, तर सुटका करण्याआधी सरकारी वकिलाला लेखी विरोध करायची संधी द्यावीच लागते. अपील सहा महिन्यांत निकाली काढावं असं 2018 पासून कायद्यात आहे. (हशा) हसणारे सगळे वकील, हे उघड आहे.

एकट्या पीडितेच्या साक्षीवर शिक्षा टिकते का? टिकते. मात्र 2012 च्या राय संदीप प्रकरणानंतर बचाव पक्ष विचारतो, साक्ष अस्सल, उलटतपासात न डगमगलेली आहे का? पुन्हा तो कागदच. डॉक्टरांच्या ‘सवयीची आहे’ छापाच्या शेऱ्याला अपिलात जागा नाही. हा शेरा ज्या दोन बोटांच्या तपासणीवरून मारत, ती सर्वोच्च न्यायालयानं 2013 मध्ये चुकीची ठरवली, आणि 2022 मध्ये ती करणारा गैरवर्तनाचा दोषी मानला जाईल इथपर्यंत सांगितलं. तरी जुन्या फायलींत तो शेरा भेटतो. भेटला तर गप्प बसू नका.

आरोपी सुटला तर 31 डिसेंबर 2009 पासून पीडितेला स्वतःचं अपील आहे, सरकारवर अवलंबून राहावं लागत नाही. 2018 मध्ये मल्लिकार्जुन कोडगली निकालानं स्पष्ट केलं की त्याला विशेष परवानगीही नको. पण सुटकेविरुद्धचं अपील अवघड असतं. निर्दोषत्वाचं गृहीतक खालच्या कोर्टानं आणखी पक्कं केलेलं असतं, आणि दोन निष्कर्ष शक्य असतील तर वरचं न्यायालय सहसा हात घालत नाही.

आणि माझी मागणी, एकाच वाक्यात, कारण आयोजक उभे राहिलेत. निवेदनाच्या रूपाची सक्ती नाही. साक्षीचा कुठलाही भाग प्रश्नोत्तर रूपात लिहिण्याचा अधिकार न्यायाधीशांना त्याच कलमात आहे, तेव्हा मुद्द्याचा प्रश्न आला की उभं राहून म्हणा, ‘हा प्रश्न आणि उत्तर जसंच्या तसं नोंदवावं, ही विनंती.’ विनंती नाकारली तर तेवढं तरी नोंदवून घ्या. वकील परवडत नसेल तर विधी सेवा कायद्याचं कलम 12 वाचा. स्त्रीला उत्पन्नाची अट नाही आणि कोठडीतल्या माणसालाही नाही. अर्ज जिल्हा न्यायालयाच्या आवारातच मिळतो. पॉक्सोबद्दल, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याबद्दल, बोलायचं राहिलं, ते प्रश्नोत्तरांत विचारा.