एक, दोन, मग हिसका : गंगापूरच्या काठावर मरळ

[पहाट. नाशिकजवळच्या गंगापूर धरणाचा फुगवटा. बेशरमीची झुडपं अर्धी पाण्यात.]

पाणी हलत नाहीये. शेवाळाच्या कडेला एक वलय उठतं आणि मधोमध बुडबुडा राहतो. चिलापी वर आली तर पाण्याला नुसती टिचकी बसते, बुडबुडा राहत नाही. हा हवेचा घोट आहे. इथे मरळ आहे.

मरळीचं नुसत्या कल्ल्यांवर भागत नाही. कल्ल्यांच्या वर, डोक्यात, तिला हवा साठवायचा कप्पा असतो, म्हणून थोड्या थोड्या वेळानं तिला वर यावंच लागतं. गळवाला सकाळची पहिली दहा मिनिटं काठी हातात न घेता नुसता बसून असतो, तो ही वलयं मोजण्यासाठी.

[तळहातावर रबरी बेडूक. कॅमेरा जवळ.]

हे मरळीसाठीचं नकली आमिष. याला सगळे फ्रॉगच म्हणतात. पाच-सहा सेंटिमीटर लांब, दहा ते पंधरा ग्रॅम वजन, आतून पोकळ. पाठीला चिकटून दोन गळ, टोकं वर. शेवाळावरून, पानांवरून ओढला तरी तो कुठे अडकत नाही. मरळीनं जबडा मिटला की रबर दबतं आणि गळ उघडे पडतात. हा बेडूक मूळचा इथला नाही. अमेरिकेत लार्जमाउथ बास नावाच्या माशासाठी तो वापरतात. बास आपल्या पाण्यात नाही, पण पाणवनस्पतींच्या सावलीत दबा धरून बसायची त्याची जागा इथे मरळीनं धरलेली आहे.

डब्यातून काढून थेट पाण्यात टाकलेला फ्रॉग मरळीचे निम्मे वार वाया घालवतो. आधी पकडीनं दोन्ही गळ बाहेरच्या बाजूला जरासे, दोन-तीन मिलिमीटर, वाकवायचे. जास्त वाकवले तर शेवाळ गोळा होतं. मग रबरी दोऱ्यांचे पाय कापायचे. लांब ठेवले की मरळ पायच धरते आणि तोंडात गळ येत नाही. एक पाय दुसऱ्यापेक्षा बोटभर आखूड ठेवला, तर फ्रॉग सरळ न येता डावी-उजवीकडे झुलत येतो. गळाच्या टोकाची धार अंगठ्याच्या नखावर बघायची. घसरलं तर कानस मारायची, रुतलं तर ठीक.

दोरी ब्रेडेडच, म्हणजे विणलेली, चाळीस ते पन्नास पौंडांचा ताण सोसणारी. तंगूस इथे चालत नाही. तो ताणतो, आणि वीस मीटरवरून दिलेला हिसका त्या ताणातच जिरतो. काठी सात फुटी, शेंड्याला ताठ. रीलचा ड्रॅग, म्हणजे दोरी सुटू न देणारा ब्रेक, जवळजवळ पूर्ण आवळलेला. एरवी मासा पळू द्यावा म्हणतात, पण मरळ दोन मीटर पळाली की झुडपाच्या बुंध्यात शिरते आणि तिथून ती येत नाही, दोरी येते.

[फ्रॉग हवेतून जातो. पाण्यावर पडतो.]

वलयाच्या डोक्यावर टाकायचा नाही. दीड-दोन मीटर पलीकडे टाकायचा. पडल्यावर तसाच राहू द्यायचा, पाण्यावरच्या लाटा विरेपर्यंत. मग काठीच्या शेंड्यानं छोटे छोटे झटके, प्रत्येक झटक्यानंतर दोरी थोडी ढिली. शेवाळाचा थर संपून उघडं पाणी लागतं, तिथे थांबायचं. वार बहुतेक वेळा याच कडेवर होतो.

[वार. संथगती.]

हे संथगतीत पाहा. पाणी फुटलं, फ्रॉग दिसेनासा झाला, आणि याच क्षणी नवा हात हिसका देतो. फ्रॉग उडून मागे येतो, कधी थेट तोंडावर. कारण जबड्यात आहे. बास तोंड उघडून आमिष पाण्यासकट आत ओढतो. मरळ दातांत धरते, वळते आणि खाली जाताना तोंडात नीट घेते. त्यामुळे मनात मोजायचं : एक… दोन. तोवर काठीचा शेंडा खाली, फ्रॉगच्या दिशेला. ढिली दोरी रीलवर भरायची, वजन हाताला लागलं की मगच हिसका, वरच्या दिशेला, पूर्ण खांद्यानं. शेंडा आधीच वर असेल तर हिसक्याला जागाच उरत नाही. निम्म्याहून जास्त मासे इथेच सुटतात, आणि दोष मात्र गळाला दिला जातो.

वार हुकला तर फ्रॉग ओढून घ्यायचा नाही. तिथेच पडू द्यायचा. मरळ पुष्कळदा परत येते.

लागल्यावर खेळवायचं नाही. डोकं वर ठेवून, न थांबता, शेवाळावरून घसरवत काठाला.

[मरळ हातात. ओले हात.]

दात बारीक आणि तीक्ष्ण आहेत. बोट घालायचं नाही, लांब पक्कड वापरायची. हात आधी ओले करायचे, मासा आडवा धरायचा, पोटाखाली आधार द्यायचा. हवा घेते म्हणून ती कोरड्या मुरुमावर टाकलेली चालते, असं नाही. अंगावरचा बुळबुळीत थर निघाला की कातडी उघडी पडते. सोडताना शेवाळाच्या कडेला, सावलीत.

परवानगीचं एका वाक्यात : धरणातल्या मासेमारीचा ठेका ज्यांच्याकडे आहे, त्यांना आधी विचारायचं. नांदूरमधमेश्वरचं पाणी फ्रॉगसाठीच बनल्यासारखं वाटतं, पण ते अभयारण्य आहे, राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा. तिथे काठी गाडीतूनही उतरवायची नाही.

[जुलै. गढूळ पाणी. एकाच जागी पावसासारखे थेंब उसळताहेत.]

पाऊस थांबलेला आहे. हे थेंब नाहीत, पिल्लं आहेत. शेकडो, तांबूस, एकत्र हवा घ्यायला वर आलेली. खाली आई-बाप राखण करताहेत. या गोळ्यात फ्रॉग टाकला तर वार हमखास होतो, भुकेनं नाही, रागानं. त्यात दोन मोजायचीही गरज पडत नाही, म्हणून त्यात शिकण्यासारखंही काही नाही. राखणदार उचलला की चिलापी पिल्लं संपवते.

गोळा दिसला की दोरी गुंडाळायची आणि पन्नास पावलं पुढे जायचं.

[थेंब थांबतात. गोळा खाली जातो. मागोमाग एक लांब सावली.]