झाकणं सैल ठेवणारा नायक

नमस्कार श्रोतेहो. प्रेमकथेतली नायिका एकदा का खोकली, की पुढचं आपण ओळखतो. 1853 मध्ये व्हर्दीच्या ‘ला त्राव्हिआता’ या ऑपेरात व्हायोलेटा क्षयानं गेली. पुढे क्षयावर औषधं आली, मग कथेतल्या नायिकांना कॅन्सर होऊ लागला. पण जो आजार मारत नाही, चाळीस वर्षं घरात राहतो, त्याची प्रेमकथा कुठे आहे? मारत नाही, राहतो. त्याची.

मी वाचनालयात होते तेव्हा एक बाई दर शनिवारी यायच्या. आमवातानं बोटं वाकलेली. पुस्तक दोन्ही तळव्यांत धरायच्या. (सहाशे पानांची कादंबरी एकाच खंडात बांधणं प्रकाशकांनी खरंच सोडावं. दोन खंड करा, हातांना पेलू द्या.) तर त्या म्हणाल्या, “ताई, आजारी नायिकेची कादंबरी द्या. पण ती मरायला नको.” मी कपाटं धुंडाळली. काही हाती लागेना.

“मग माझंच ऐका,” म्हणाल्या. “सकाळी तास-दीड तास माझी मूठ वळत नाही. हे साडेपाचला कामावर जातात. जाण्याआधी सगळी झाकणं सैल करून ठेवतात. चहा, साखर, लोणच्याची बरणी. एकदा आमचं कडाक्याचं भांडण झालं. दोन दिवस अबोला. तिसऱ्या दिवशी उठले, म्हटलं, बघू तरी. साखरेचा डबा सैल. चहाचा सैल. लोणच्याची बरणीसुद्धा.”

श्रोतेहो, आमवातात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटते. त्यावरची मेथोट्रेक्सेट ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. एकदाच, रोज नाही. कॅलेंडरवर त्या वारी खूण कोण करतं? मूल हवं असेल तर डॉक्टरांशी बोलून ती काही महिने आधीच थांबवावी लागते. ते दोघं हे एकमेकांशी कसं बोलत असतील? लेखकांनो, इथे एक अख्खं प्रकरण तुमची वाट बघतंय.

पुढच्या शनिवारी बाईंसोबत ते आले. मला वाटलं, पुस्तक तेच उचलतील. पुस्तक बाईंनीच उचललं, दोन्ही तळव्यांत धरून, सावकाश. त्यांनी फक्त पिशवीचं तोंड उघडं धरलं.