नवं भात वेदीवर
(लघु माहितीपटाचं निवेदन)

[दृश्य: गोराईची खाडी, सकाळ. जेट्टीवरून सुटणारी बोट, मग गावातला रस्ता आणि भातखाचरं.]

बोरिवलीच्या बाजूने खाडी ओलांडायला बोटीला काही मिनिटं पुरतात. पलीकडे गोराई. महानगरपालिका तीच, पत्ताही मुंबईचाच. पण सप्टेंबर सरता सरता इथे रस्त्याच्या कडेला जे दिसतं, ते या शहरात आता फार थोड्या ठिकाणी उरलंय. पिवळं पडत चाललेलं भात.

गरवं, म्हणजे उशिरा होणारं भात, अजून हिरवं आहे, त्याला वेळ आहे. हळव्याच्या लोंब्या मात्र वाकल्यात. जूनमध्ये पेरायचं, जुलैत लावणी करायची आणि साडेतीनेक महिन्यांत विळा लावायचा, असं हे लवकर होणारं भात. शेतकरी बांधावर येतो, एक लोंबी ओढून घेतो, दोन दाणे दाताखाली धरतो. दाण्यातलं दूध आटलं असेल, दाणा कडक लागला, की चर्चमध्ये निरोप जातो. या रविवारी कापायला हरकत नाही.

हा रविवार म्हणजे ऑक्टोबरचा पहिला रविवार. साष्टीतल्या, म्हणजे मुंबईच्या उपनगरांच्या बेटावरच्या, ईस्ट इंडियन कॅथलिकांचा आगेरा, नव्या भाताचा सण. पावसाळाभर मंदावलेलं धर्मग्रामाचं, म्हणजे एका चर्चशी जोडलेल्या वस्तीचं, काम इथून पुन्हा वेग घेतं, ते थेट नाताळपर्यंत.

[दृश्य: ढगाळ आभाळ. बांधावर उभी माणसं आभाळाकडे बघताहेत.]

तारीख कॅलेंडरवर ठरलेली असली, तरी शेवटचा शब्द पावसाचा. मुंबईतून मोसमी पाऊस परतण्याची सरासरी तारीख हवामान खातं पूर्वी 29 सप्टेंबर धरायचं. 2020 साली ती 8 ऑक्टोबर झाली. म्हणजे नव्या हिशेबाने आगेऱ्याचा रविवार पाऊस परतण्याआधीच येतो. कापून आडवं केलेलं भात भिजलं, तर दाण्याला शेतातच कोंब फुटतात. त्यामुळे रविवारी वेदीपुढे जी प्रार्थना होते, तिच्यात आभार जितके असतात, तितकीच काळजीही असते. उरलेलं पीक अजून शेतात उभं आहे. गरव्याला अजून महिनाभर उघडीप हवी.

[दृश्य: रविवारची सकाळ. लुगडी नेसलेल्या बाया, सजवलेली गाडी, वाजंत्री.]

फादर शेतावर येतात. पवित्र पाणी शिंपडतात, प्रार्थना म्हणतात आणि पहिल्या लोंब्या कापल्या जातात. जुड्या बांधून गाडीत रचतात. जिथे बैल मिळतात तिथे बैलगाडी असते. नाहीतर टेम्पोलाच केळीचे खांब आणि झेंडूच्या माळा. पुढे वाजंत्री, मागे बाया. लाल चौकड्यांची लुगडी वर्षातून थोड्याच दिवशी पेटीतून निघतात, त्यातला हा एक. कुणाच्या डोक्यावर टोपली आहे. टोपलीत दुधी, भोपळा, केळ्यांचा घड, नारळ. ज्याच्या परड्यात जे पिकलं ते. वाटेत कुणीतरी दारातून हाक मारतं, "काय गो बाय, भात बरा आला ना औंदा?" आणि मिरवणूक तेवढ्यापुरती थांबते, कारण या प्रश्नाला चालता चालता उत्तर देता येत नाही.

चर्चमध्ये जुड्या वेदीपाशी ठेवतात. मिस्सा, म्हणजे मुख्य उपासना, होते. मिस्सा संपली की आशीर्वादित लोंब्या घरोघरी वाटल्या जातात. ज्याची शेती आहे त्यालाही आणि चौथ्या मजल्यावर भाड्याने राहणाऱ्यालाही. घरी गेल्यावर लोंबी अल्तारीपाशी, म्हणजे घरातल्या छोट्या वेदीपाशी, येशूच्या किंवा मरियेच्या तसबिरीला लावतात. जुन्या घरांत तिचे चार दाणे तांदळाच्या साठ्यात टाकायची रीत होती. वर्षभर कमी पडू नये म्हणून.

बायबलच्या अनुवाद या पुस्तकातला 26वा अध्याय या दिवशी फार जवळचा वाटतो. जमिनीचं पहिलं फळ टोपलीत घालून याजकाकडे आण, असं तिथे सांगितलंय. पण टोपली ठेवून काम संपत नाही. आणणाऱ्याने आपल्या पूर्वजांची कहाणी मोठ्याने म्हणायची असते. आम्ही भटके होतो, गुलाम होतो, आम्हाला ही जमीन मिळाली. आणि मग तुझ्यात राहणाऱ्या परक्यालाही बरोबर घेऊन आनंद कर. त्या परक्याचा उल्लेख मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. आगेऱ्याच्या जेवणाच्या रांगेत आज मंगळुरी असतात, गोंयकार असतात, तमिळ आणि मल्याळी असतात. भात कोणत्याही गावचं असो, लोंबी सगळ्यांच्या हातात जाते.

[दृश्य: वसईचा किल्ला. पडके तट, मग साष्टीतला एखादा जुना क्रूस.]

हे ईस्ट इंडियन लोक मूळचे इथलेच. कुणबी, आगरी, भंडारी, पाचकळशी, कोळी. डिसेंबर 1534 च्या तहाने वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि पुढच्या काळात फ्रान्सिस्कन आणि जेझुइट धर्मगुरूंनी साष्टीत गावोगावी चर्च उभारली. 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली. युरोपीय धर्मगुरू निघून गेले, चर्च स्थानिक धर्मगुरूंच्या हाती आली, आणि शेतकरी शेतातच राहिले. ईस्ट इंडियन हे नाव त्यांनी फार उशिरा घेतलं, 1887 मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी. गोव्याहून नोकरीसाठी मुंबईत येणाऱ्या ख्रिस्ती लोकांपेक्षा आपण वेगळे, मूळचे इथले, हे सरकारदरबारी कळावं म्हणून. धर्म बदलला, नावं बदलली, पण बोली मराठीच राहिली, आणि भात पिकण्याचा महिना तर बदलण्यासारखा नव्हताच.

म्हणून आगेऱ्याच्या आगेमागे शेजारी काय चाललंय तेही बघायला हवं. याच दिवसांत नवरात्र येतं. कोकणात दसऱ्याला किंवा नवान्न पौर्णिमेला आंब्याच्या पानांबरोबर भाताच्या लोंब्या बांधून दाराला नवं लावतात. खाली गोव्यात पाऊस आधी येतो, भातही आधी होतं, तिथे कणसांचं फेस्त ऑगस्टमध्ये असतं. रायच्या चर्चचं 5 ऑगस्टला, ताळगावचं 21 ऑगस्टला. मंगळुरी कॅथलिकांच्या घरी नवं भात 8 सप्टेंबरला, मरियेच्या जन्मदिनी. आणि मुंबईत ऑक्टोबर. हे सण एकाच दिवशी येत नाहीत, जिथे तिथे नव्या भाताच्या आगेमागे येतात.

[दृश्य: मरोळ. सीप्झचं प्रवेशद्वार, उंच इमारती, विमान.]

आता जरा कठीण भाग.

अंधेरीच्या पूर्वेला मरोळ, कोंडिविटा, सहार, चकाला ही सगळी भातशेतीची गावं होती. 1579 मध्ये जेझुइटांनी बांधलेलं संत योहान बाप्तिस्ताचं चर्च याच शेतांच्या मधोमध उभं होतं. 1840 च्या सुमारास साथ आली, गावकऱ्यांनी ती जागा सोडली आणि मरोळला नवं चर्च बांधलं. जुन्या चर्चच्या भिंती अजून उभ्या आहेत. पण त्यांच्या भोवती 1973 मध्ये सीप्झ आलं, निर्यातीसाठीचा औद्योगिक विभाग. तिथे जायचं तर फाटकावर पहारा आहे. धर्मग्रामाचे लोक वर्षातून एकदा, मे महिन्यात, त्या पडक्या भिंतींत मिस्सेला जमतात. सहारच्या बाजूला विमानतळ वाढला. कलिना, कोळे कल्याणची शेतं गेली. काहींना मोबदला मिळाला, काहींना मिळाला तो तुटपुंजा, आणि ज्यांच्या पिढ्यांनी फक्त भात लावला होता त्यांची मुलं कारकुनी, रेल्वे, बँका, परदेश अशी पांगली.

गावठाणं उरली. अरुंद गल्ल्या, कौलारू घरं, चौकात क्रूस. यातले कितीतरी क्रूस 1896 च्या प्लेगनंतरचे, साथ टळावी म्हणून उभारलेले. गाव उरलं, शेत गेलं.

मग आगेऱ्याला लोंब्या आणायच्या कुठून?

[दृश्य: पहाटे टेम्पोतून उतरवल्या जाणाऱ्या भाताच्या जुड्या.]

ज्यांच्याकडे शेत नाही ते गोराई, मनोरी, उत्तनच्या नातेवाइकांना आधी कळवून ठेवतात. नाहीतर वसई, पालघरच्या शेतकऱ्याकडून विकत घेतात. कुठे चर्चच्या आवारातच वाफा करून चार ओळी भात लावतात. शहरात बसून असं विकतचं भात वेदीवर ठेवणं म्हणजे नाटक, असं काहींना वाटतं. मला तसं वाटत नाही. ज्याचं शेत सरकारने किंवा बिल्डरने घेतलं, त्याने सणही सोडून द्यावा हे म्हणणं म्हणजे त्याच्याकडून दुसऱ्यांदा काढून घेणं आहे. पण माझा जीव त्या आवारातल्या वाफ्यावर जास्त आहे, हे खरं. कारण तो वाफा जूनमध्ये कुणालातरी तयार करावा लागतो. चिखलात हात घालावा लागतो. जुलैत पोरांना बोलावून रोप कसं खोचायचं ते दाखवावं लागतं, पाखरं हाकलावी लागतात, आणि मग ऑक्टोबरात ती पोरं लोंबीकडे ज्या नजरेने बघतात ती विकतच्या जुडीकडे बघत नाहीत.

चर्चकडूनही याला आता एक आधार मिळालाय. 2015 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी सृष्टीच्या काळजीविषयी पत्र लिहिलं आणि 1 सप्टेंबर हा त्यासाठी प्रार्थनेचा दिवस ठरवला. 1 सप्टेंबर ते 4 ऑक्टोबर, म्हणजे असिसीच्या संत फ्रान्सिसच्या सणापर्यंतचा काळ बऱ्याच चर्चमध्ये सृष्टीसाठी पाळला जातो. आगेरा अगदी त्याच्या टोकाला येतो. आमच्या आज्यांना हे पत्र माहीत नव्हतं; विहिरीत कचरा टाकायचा नाही, बांध फोडायचा नाही, एवढं त्यांना पक्कं माहीत होतं.

[दृश्य: दुपार. चर्चच्या पटांगणात मांडव, चुली, पानं.]

दुपारी पटांगणात जेवण. उन्हाळ्यात कांडून काचेच्या बाटल्यांत गच्च भरलेला बाटली मसाला याच दिवसांत मुरून रंगात येतो. त्यातलं मटण, डुकराच्या मांसाचं सोरपोतेल, तेलात टम्म फुगणाऱ्या फुग्या, तांदळाच्या भाकऱ्या. घुमट, म्हणजे मातीच्या मडक्याचं वाद्य, वाजतं, म्हातारे आपल्या बोलीतली गाणी धरतात, तरुणांना अर्धे शब्द येत नाहीत पण ठेका येतो. काही ठिकाणी टोपल्यांतून आलेल्या भाज्या-फळांचा लिलाव होतो. एक दुधी बाजारभावापेक्षा किती तरी जास्त किमतीला जातो आणि पैसे गरजूंच्या निधीत जमा होतात.

[दृश्य: संध्याकाळ. एका घरात जमलेली पंचवीस-तीस माणसं, हातात जपमाळा.]

आगेरा झाला की घरं उघडतात. ऑक्टोबर हा जपमाळेचा महिना, 7 तारखेला जपमाळेच्या मातेचा सण. संध्याकाळी आज या घरी, उद्या त्या घरी रोझरी. यादी चर्चच्या फलकावर लागते. ज्या घरी पाळी असते तिथे दुपारपासून खुर्च्या मागवणं, उकडलेले चणे, चहा. वर्षभर एकमेकांशी न बोलणारे शेजारीही इथे शेजारी शेजारी बसतात, कारण यादीत घराचं नाव आहे आणि यादी मोडता येत नाही. आजारी माणसाच्या घरी तर मुद्दाम जातात, आणि धर्मग्रामाला कळतं की अमक्या आजींना औषधाला पैसे नाहीत, तमक्याची नोकरी गेलीय. संत विन्सेंट दे पॉल संस्थेचे कार्यकर्ते हे कान देऊन ऐकतात. कुणाला मदत लागणार आहे, हे त्यांना अर्जांपेक्षा अशा बैठकांतूनच जास्त कळतं.

महिन्याच्या शेवटून दुसऱ्या रविवारी मिशन रविवार, 1926 पासून जगभर चालत आलेला. मग 2 नोव्हेंबर, मृतजनांचा स्मरणदिन. त्याच्या आधी कबरस्तानातलं पावसात माजलेलं गवत कापायचं, दगड धुवायचे, क्रूसाला चुना द्यायचा. उत्तनसारख्या कोळी गावांत तोवर बोंबील वाळत घालायच्या वलांड्या उभ्या राहिलेल्या असतात. दर्यावरची माणसं ऑगस्टपासूनच कामाला लागलेली. त्यांचा हंगाम शेतकऱ्याच्या सुगीच्या आधी सुरू होतो. कबरीवर मेणबत्ती लावायला मात्र सगळे एकत्र येतात.

नोव्हेंबरच्या शेवटी ख्रिस्तराजाचा सण, आणि लगेच आगमनकाळ, म्हणजे नाताळच्या तयारीचे आठवडे. गायकवृंदाचा सराव सुरू होतो, तरुण मंडळी येशूजन्माच्या देखाव्यातल्या गोठ्याच्या मापांवरून वाद घालू लागतात. डिसेंबर उजाडला की किराणा दुकानातून नाचणी येते. भिजवून, थोडी माती घालून ती ताटल्यांत पेरतात, म्हणजे नाताळच्या रात्रीपर्यंत गोठ्याभोवती शेतासारखं हिरवं उभं राहतं. पेरायला सगळी पोरं हजर असतात. आठवडाभर त्या ताटल्यांना पाणी कुणी घालायचं, यावर मात्र फादरांना मधे पडून पाळ्या लावून द्याव्या लागतात.