अर्ध्या चेहऱ्याची वाढ

हा प्लॅस्टरचा साचा सात वर्षांच्या मुलीच्या खालच्या जबड्याचा आहे. तिच्या चेहऱ्याची उजवी बाजू डावीपेक्षा जास्त वाढलीय. डावीकडे अजून दुधाचे दात. उजवीकडे मात्र दहाव्या-अकराव्या वर्षी यायच्या त्या उपदाढा आताच वर आल्यात. आकारानेही थोराड.

आता जीभ बघा. उजवा अर्धा भाग फुगलेला, त्यावरचे दाणे मोठे, डावा नेहमीसारखा. सीमा बरोबर मधोमध. स्कॅनमध्येही तसंच: जबड्याचं हाड एकाच बाजूला जाड, आणि गालाच्या स्नायूंत शिरलेली ही काळपट दिसते ती चरबी.

जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञ मेकेल यांनी अशा एकांगी वाढीचं वर्णन १८२२ साली केलं होतं. कारणाचा धागा हाती लागायला जवळजवळ दोनशे वर्षं गेली. बऱ्याच रुग्णांत, गर्भ राहिल्यानंतर पेशी वाढत असताना एखाद्याच पेशीत ‘पीआयके३सीए’ या जनुकात बदल होतो. ‘वाढ’ हा निरोप मग थांबतच नाही. त्या पेशीच्या वंशातल्या पेशींतच हा बिघाड उतरतो. म्हणून रक्तात तो बहुतेकदा सापडत नाही, गालातलाच तुकडा तपासावा लागतो. हा बदल आईकडून आलेला नसतो, बापाकडूनही नाही.

‘ग्रहणात विळीवर बसली असशील’, हे या आईने सात वर्षं ऐकलंय. ग्रहणाचा, विळीचा आणि या गालाचा काडीचाही संबंध नाही. मुलगी वर्गात भिंतीकडेच्या बाकावर बसते, उजवी बाजू भिंतीला.

शस्त्रक्रिया. पिवळ्या चरबीतून गेलेला हा बारीक पांढरा धागा दिसतोय? चेहऱ्याच्या मज्जातंतूची फांदी. हसणं, डोळा मिटणं याच फांद्यांवर चालतं. म्हणून सर्जन आधी विजेचा अगदी सौम्य झटका देतात, ओठ हलतो का पाहतात, मगच कात्री पुढे सरकते. सगळी चरबी काढता येत नाही, आणि ती पुन्हा वाढू शकते. जबड्याचं हाड तर बहुतेकदा अंगाची वाढ थांबल्यावरच नीट करतात.

या जनुकापासून बनणाऱ्या प्रथिनाला अडवणारी अल्पेलिसिब ही गोळी मूळची स्तनाच्या कर्करोगावरची. २०२२ मध्ये अमेरिकेत तिला या बदलामुळे होणाऱ्या गंभीर वाढीसाठी, दोन वर्षांपुढच्या रुग्णांकरता मंजुरी मिळाली. या मुलीच्या बाबतीत तिचा विचार करता येईल का, हे पाहायला बाटलीतला हा तुकडा जनुक तपासणीला निघालाय.